गळ्यातला हिंग

पहिला बर्फ पडला की कॅनडातल्या आमच्या सस्कॅचवान प्रांतातल्या आया हिंगाचा खडा कापडाच्या पिशवीत शिवून पोरांच्या गळ्यात बांधत. म्हणे रोगराई लांब राहते. राहतही असेल, रोगालाही नाक असणारच! पिशवी उतरायची थेट वसंतात. अंघोळीचंही साधारण तसंच.

शाळेची खोली एक, शेगडी एक, खिडक्या बंद आणि गळ्यागळ्यात हिंग. पिशवी नव्हती ती फक्त परास्काला. तिची माणसं नुकतीच पूर्व युरोपातल्या गॅलिशियातून आलेली. आई तिला डब्यात लसूण चोळलेला पाव द्यायची. शेजारी बसणारी हेटी त्यातला अर्धा घ्यायची आणि आपला काकवी लावलेला अर्धा पाव तिला द्यायची. समोरचीला आपण गंडवलं, असं दोघींनाही मनापासून वाटे. मैत्री याच्यावर छान चालते.

एके दुपारी प्रिंगलबाईंनी नाकाला रुमाल लावला. ‘‘कसला हा वास?’’

‘‘परास्काचा, बाई!’’ ऑर्व्हिल ओरडला. ‘‘लसूण खाते ती!’’

‘‘हेटी, सांग ना गं,’’ परास्का पुटपुटली. ‘‘तूपण खातेस ना?’’

हेटीच्या तोंडात त्याच लसणाचा शेवटचा घास होता. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. तिने तोंडावर हात धरला, घास गिळला आणि मान हलवली. नाही.

परास्काला दाराजवळच्या बाकावर पाठवलं. वास गेला नाही. मग दार उघडं ठेवलं. तरीही जाईना, तेव्हा तिला बाहेर, कोट टांगायच्या पडवीत बसवलं. तिथे तिच्या दौतीतली शाई गोठली. ‘‘बघा, केवढा चिवट वास!’’ ऑर्व्हिल म्हणाला. शेवटी ती यायचीच बंद झाली. वास राहिला. तो तिचाच मागे उरलेला, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

मग बाहेरच्या स्वच्छ गारठ्यातून शाळा तपासनीस आले. एक पाऊल आत टाकून दोन पावलं मागे गेले.

‘‘इथे मेलंय काय?’’

सगळ्यांनी रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं. तपासनीसांनी वाकून ऑर्व्हिलची मान हुंगली आणि दोरी धरून पिशवी वर ओढली. ‘‘आणि हे?’’

‘‘त्याला वास नसतो, साहेब,’’ ऑर्व्हिल म्हणाला. ‘‘ते औषध आहे.’’

प्रिंगलबाईंचा हात हळूच स्वतःच्या कॉलरकडे गेला.

पिशव्या बाहेर घंटेच्या खांबाला टांगल्या गेल्या. खोलीत आता फक्त ओल्या लोकरीचा वास उरला.

शनिवारी हेटी काकवीचा पाव घेऊन परास्काच्या घरी गेली. परास्का शेगडीजवळच्या बाकावर उशीसाठी पिसं निवडत होती.

‘‘ये ना आता शाळेत. तुझी जागा ठेवलीय, माझ्याजवळ. वास तुझा नव्हताच, कळलं सगळ्यांना.’’

‘‘तुला तर आधीच माहीत होतं,’’ परास्का म्हणाली. रागावली नव्हती ती. राग आला असता तर हेटीला जरा बरं वाटलं असतं.

हेटीने पाव मोडून अर्धा पुढे केला. परास्काने घेतला, ‘‘गोड आहे,’’ म्हणाली. हेटी बाकावर तिच्याजवळ सरकली.

तशी परास्का सवयीने उठली, जाऊन दार उघडं केलं आणि तिथेच गारठ्यात उभी राहून उरलेला पाव खाऊ लागली.