आधीचे कागद

वर्षालीने लसीकरणाचं जुनं कार्ड झेंडूच्या ढिगावरच ठेवलं आणि पहिल्या ओळीवर बोट टेकवलं.

"हे पाय, आई. मी जल्मली सकाळी सातले, अन् कावीळ बी ची लस देली दहाले. तीन घंट्यात! तरी मले हे झालं कावून?"

शकुन हार ओवत होती. तिने कार्डाकडे पाहिलं नाही.

"मले काय समजते त्यातलं?"

वर्षाली अमरावतीला नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. कॉलेजने सगळ्या मुलींचं रक्त तपासलं आणि हिचा हिपॅटायटिस बी चा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. ती रडली, पण अर्धा तासच. मग तिच्या डोक्यात भुंगा शिरला. लहानपणी घरातलं चालू घड्याळ खोलून बसलेली पोर ही! तिने डॉक्टरीणबाईंचा पिच्छा पुरवला. यकृत चांगलं आहे, दर सहा महिन्यांनी तपासायचं, शिक्षण थांबणार नाही, असं त्यांनी समजावलं. हिला मात्र हे झालं कसं, ते हवं होतं. त्याचं अर्धं उत्तर मिळालं. हा आजार बहुतेक वेळा बाळंतपणात आईकडून येतो. आईला तो असल्याचं दवाखान्याला ठाऊक असेल, तर बाळाला लशीसोबत आणखी एक इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देतात. दोन्ही देऊनही एखादं बाळ सुटत नाही, आणि नुसत्या लशीवर त्याहून जास्त बाळं आजाराच्या तावडीत सापडतात. उरलेलं अर्धं उत्तर अकोल्याला होतं, म्हणून शनिवारी सकाळचीच एसटी धरून ती घरी आली होती.

"मी पोटात असतानी तुयं रक्त तपासलं होतं का?"

"तपासलं असन."

"मंग मी जल्मली त्या अमरावतीच्या दवाखान्यात ते कागद मांगतले असतीन ना?"

शकुनने सुई दोऱ्याच्या रिळात खोचली आणि हात पदराला पुसले.

"मांगतले होते."

"मंग?"

"सातव्या महिन्यात इथंच तपासलं. सिस्टरनं कागद हाती देला अन् म्हणे, रक्तात दोष हाये बाई, मायेरी बायतपनाले जाशीन तं तिथं आधी दाखवजो." शकुनने हार बाजूला सारला. "माई वयनी सांगे, अशा बाईच्या खाटेवर लाल चिठ्ठी लावतात. तुये आजोबा, आत्या, सारेच तुले पायाले येनार होते. माया हातचा हार रोज देवाले जाते. तो कोनं घेतला असता? माया हातचं कोन जेवलं असतं?"

"जेवनानं नाई होत हे."

"मले कोनं सांगतलं होतं?" शकुनचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "कागद मी चुलीत टाकला. कळा चालू होत्या, डॉक्टरनं घाईत इचारलं, आधीचे कागद हायेत का. मी नाई म्हणली. मंग तुले लस देली, तं मले वाटलं सुटली माई पोर. नारळ फोडला मी."

"बाबाले माईत हाये?"

"कोनालेच नाई."

इतकं खोदून खोदून काढलेलं उत्तर हाती आलं, आणि वर्षालीला वाटलं, नसतं मिळालं तर बरं झालं असतं. तिला आईचा भयंकर राग आला. कार्ड पिशवीत कोंबून, वाढलेल्या ताटाकडे न बघता ती दुपारच्या बसने परत निघाली.

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा होस्टेलवरच्या करिश्माचा फोन आला. दोघी एकाच खोलीत राहायच्या, एकाच ताटात जेवायच्या.

"काय वं, डॉक्टरनं कावून बोलावलं होतं तुले?"

"काई नाई. हिमोग्लोबिन कमी हाये जरासं."

आवाज जरासुद्धा कापला नाही. फोन ठेवल्यावर वर्षालीला चुलीत टाकलेला तो कागद आठवला. खोटं बोलायला तिला एक क्षणही लागला नव्हता. मग तिने आईला फोन लावला. पहिल्याच घंटीला शकुनने उचलला.

"आई, सोमवारी तू अमरावतीले ये. तुयंबी रक्त तपासू. मी संगं हाये."

शकुनने आवाज खाली आणला.

"अन् लोकायनं इचारलं तं काय सांगाचं वं?"

"मले बी नाई समजून राहिलं, आई," वर्षाली म्हणाली. "तू ये तं खरी."