माडीला शेवटचा हात

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यात शंकरप्पांना कुणी हसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. चाळीस वर्षं आडत केली, तुरीचे भाव चढले, पडले, पुन्हा चढले, पण यांच्या टोपीची कड कधी वाकडी झाली नाही. अशा माणसानं त्रेसष्टाव्या वर्षी, रविवारी सकाळी साडेआठ वाजता, बनियन आणि गुडघ्यापर्यंत खोचलेल्या धोतरात, आपल्याच घराच्या माडीवर आपल्यालाच कोंडून घेतलं. तेही कडी-कुलूप न लावता.

मूळ कारण मंजुषा, त्यांची एकुलती एक लेक. सात वर्षांपूर्वी ती कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये भरतनाट्यम करायचं म्हणाली, तेव्हा शंकरप्पा भरल्या ताटावरून म्हणाले होते, “आपल्या घरातल्या पोरी चार लोकांपुढं नाचत न्हाईत.” पोरीनं वाद घातला नाही. नांदेडला गेली, तिथं नाच शिकली, तिथल्याच एका शाळेत शिकवायला लागली आणि घरी सणापुरती येऊ लागली. यायची, आईशी बोलायची, जायची. बापाशी बोलणं म्हणजे “गाडी किती वाजता हाय?” आणि “पाचला.” आपलं चुकलं हे शंकरप्पांना दोनच वर्षांत कळलं होतं. पण माफी मागायची त्यांच्या जिभेला सवय नव्हती. जो आज माफी मागतो तो उद्या भाव पाडून देतो, असा त्यांचा धंद्यातला अनुभव होता. त्यामुळे पाच वर्षं ते नुसते आतल्या आत झुरले.

मग यंदा मंजुषानं फोनवर आईला सांगितलं की ती नोकरी सोडून स्वतःचा नाचाचा वर्ग काढणार आहे. शंकरप्पांनी बायकोच्या हातातून फोन हिसकावून घेतला आणि म्हणाले, “माडी रिकामीच हाय.”



“लाकडाची जमीन नाचायला लई चांगली असती, अप्पा,” मंजुषा म्हणाली. “टाच आपटली तरी गुडघ्याला मार बसत न्हाई. पण आपल्या माडीवर खिळे वर आलेत, रंगाचे पोपडे निघालेत. उदगीरच्या बारा पोरी तयार हायत, लातूरच्या पंधरा. तिकडं हॉल बोलून ठेवलाय. मी आजपास्नं तिसऱ्या रविवारी पाचला येऊन बघते. पाय ठेवण्यासारखी जमीन असली तर सोमवारी सकाळी सातला इथंच सुरू करते. न्हाई तर लातूर. जिथं सुरू करीन तिथंच राहीन.”

हातात तीन आठवडे होते. शंकरप्पांनी संगप्पा सुताराला बोलावलं. माडीची जमीन सागवानी फळ्यांची, एके काळी जवारीची पोती ठेवायची, पण वर हिरव्या ऑइलपेंटचे तीन थर. संगप्पानं वर आलेले खिळे ठोकून आत बसवले, फटींत लाकडाचा भुसा आणि गोंद कालवून भरला आणि घासायचं मशीन भाड्यानं आणलं. तो ते चालवणार एवढ्यात शंकरप्पा म्हणाले, “सरक. पोरगी माझी हाय.” त्यांनी बटण दाबलं आणि पोळ्याला उधळलेल्या बैलासारखं मशीन त्यांना ओढत पार भिंतीपर्यंत घेऊन गेलं. वायर संपली म्हणून थांबलं, नाहीतर मालक भिंतीपलीकडच्या घरात जेवायला गेले असते.

“मालक, त्याला दाबू नका,” संगप्पा हसू गिळत म्हणाला. “नुसतं त्याच्या संगं चाला.”

तीन दिवस साठ नंबरचा पेपर, मग एकशेवीस, मग दोनशेवीस. धूळ खाली लोणच्याच्या बरण्यांवर बसली, पापडांवर बसली, बसम्माच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, चष्म्यावर बसली. ती माउली दिवसातून चार वेळा घर पुसायची आणि पाचव्यांदा नवऱ्याला शिव्या द्यायची. पण हिरव्या रंगाखालून मधासारखं पिवळंधमक सागवान वर आलं, त्या दुपारी शंकरप्पा उकिडवे बसून त्याच्यावरून हात फिरवत राहिले आणि एकटेच मोठ्यांदा हसले. बसम्मानं स्वयंपाकघरातून वर बघितलं. या घराचं छत हसताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

पॉलिशचे दोन हात संगप्पानं दिले. तिसरा आणि शेवटचा रविवारी सकाळी द्यायचा होता, पण संगप्पाला देगलूरला लग्नाला जायचं होतं. शनिवारी निघताना त्यानं बजावलं, “मालक, आतल्या भिंतीपासून सुरू करा आणि मागं मागं सरकत दाराकडं या. हात दिल्यावर आठ तास पाय लावायचा न्हाई.”

“हाव, हाव,” शंकरप्पा म्हणाले. ऐकलं मात्र त्यांनी वडिलांचं, ज्यांना वारून पंचवीस वर्षं झाली होती.

वडिलांचा नेम असा: शुभ काम दारापासून आत. दुकानातला सकाळचा पहिला झाडू दारापासून आत, पहिलं माप दारापासून आत, दिवाळीला गल्ल्याचा रंगसुद्धा दाराच्या बाजूनं. हात बाहेरच्या दिशेनं चालला की लक्ष्मी त्याच्या मागोमाग बाहेर चालू लागते. आणि लेकीच्या नव्या कामाला बाप हात लावतोय, ती लक्ष्मी काय दारातून बाहेर लोटायची? छे! शंकरप्पांनी पहाटेच आंघोळ केली, उंबऱ्याला कुंकू लावलं आणि उंबऱ्यापासूनच ब्रश फिरवायला सुरुवात केली. मोंढ्यातल्या सवयीनं पहिल्या फळीला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणाले. लाभ, दोन, तीन... काम इतकं देखणं होत होतं की ते गुणगुणायलाही लागले. एकोणतीस, तीस... आणि पाठ भिंतीला लागली.

समोर अठरा फूट ओली, आरशासारखी जमीन. तिच्यापलीकडं जिना. मागं रस्त्यावरची खिडकी, तिला लोखंडी गज. आणि बुडाखाली कोपऱ्यातली दोन हात लांब, दोन हात रुंद कोरडी जागा.

“यव्वा!” जिन्यात चहा घेऊन आलेली बसम्मा म्हणाली. “तुमी तिकडं काय करायलाव?”

“बसलोय.”

“ते दिसायलंय. पण इकडं कसं येणार?”

“येतो की. साडेचारला.”

बसम्मानं कपाळावर हात मारून घेतला. कारण दुपारी बाराला लातूरला व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात शंकरप्पांचा सत्कार होता. गेली दहा वर्षं त्यांच्यापेक्षा लहान माणसांना शाली मिळत होत्या आणि ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. यंदा एकदाचं त्यांचं नाव लागलं होतं. इस्त्रीचं धोतर खाली दोरीवर तयार होतं. दहा वाजता शेजारचे विरूपाक्षप्पा गाडी घेऊन येणार होते.

आले. रस्त्यात उभं राहून त्यांनी वर बघितलं, तर गजांमागं शंकरप्पा.

“शरणार्थ, विरूपाक्षप्पा,” गजांतून नमस्कार आला.

“शरणार्थ, शरणार्थ. पण तुमाला आत कुणी टाकलं?”

सगळी हकीकत ऐकून विरूपाक्षप्पांनी आधी खोकल्याचं नाटक केलं, मग ते जमेना तेव्हा गाडीच्या टपावर डोकं टेकून पोट धरून हसले. समोरचा किराणावाला बाहेर आला. पिठाच्या गिरणीवरची माणसं आली. घटकाभरात खिडकीखाली वीस-पंचवीस माणसं जमली आणि प्रत्येकाजवळ उपाय होता. एक म्हणाला गज कापा, एक म्हणाला फळी टाकून या. तिसऱ्यानं त्याला विचारलं, “आरं, ओल्या फळीवर फळी टाकली तर पॉलिश कुठल्या फळीला राहील?”

“सहा पावलांचं तर काम हाय!” विरूपाक्षप्पा ओरडले. “ठसे उठले तर उठले. पुन्हा घासून घ्या.”

“पुन्हा घासायला चार दिवस लागतात.”

“सत्कार रोज होतो का?”

“दरसाल होतो.”

“पर तुमचा होतो का दरसाल?”

हे मात्र वर्मी लागलं. शंकरप्पा उठले. त्यांनी उजवा पाय उचलला. सहा पावलं. मग शाल, श्रीफळ, मानपत्र, पाचशे माणसांच्या टाळ्या, पेपरात फोटो. पाय हवेतच राहिला. समोरच्या जमिनीत खिडकीच्या उजेडाचा चौकोन उतरला होता आणि त्यात एक कणभरसुद्धा धूळ नव्हती. या चकाकत्या जमिनीवर सहा ठसे बघून पोरगी काही बोलणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. मागच्या वेळीही ती काही बोलली नव्हती. नुसती बॅग उचलून गेली होती.

शंकरप्पांनी पाय मागं घेतला आणि खाली बसले.

“तुमी व्हा पुढं,” ते म्हणाले. “आमची शाल दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं.”

विरूपाक्षप्पा गेले. गर्दी काही जाईना. आणि खरं सांगायचं तर चाळीस वर्षांत पहिल्यांदाच शंकरप्पांना गर्दीची मजा यायला लागली. आंघोळ झाली होती, इष्टलिंग गळ्यातच होतं, तेव्हा पूजा कोपऱ्यातच उरकली. जेवणासाठी बसम्मानं शेवग्याच्या शेंगा पाडायची आकडी काढली, तिच्या टोकाला पिशवी अडकवली आणि रस्त्यातून धपाटे वर चढवले. पहिली पिशवी गजाला अडकून किराणावाल्याच्या डोक्यावर पडली. दुसरी पोचली, पाण्याच्या बाटलीसकट.

“पाणी जपून प्या,” बसम्मा खालून सगळ्यांच्या देखत ओरडली. “साडेचारपर्यंत काढायचंय!”

गल्ली खदखदली. आणि शंकरप्पाही हसले. आधी मिशीत, मग तोंड उघडून, मग असे की ठसका लागला आणि जपून प्यायचं ते पाणी सगळं संपलं.

साडेतीनला विरूपाक्षप्पा लातूरहून परत आले, ते हातात शाल, नारळ आणि मानपत्र घेऊनच. शंकरप्पांच्या वतीनं सत्कार त्यांनीच घेतला होता आणि कधी एकदा तो पोचवतो असं त्यांना वाटेभर झालं होतं. आकडीला लावून शाल वर गेली, शंकरप्पांनी ती बनियनवरच पांघरली. नारळ काही गजांतून जाईना. शेवटी रस्त्यावरच फोडला आणि एक कवड पाठवली, दुसरी गल्लीनं खाल्ली. मग विरूपाक्षप्पांनी घसा साफ करून, भर रस्त्यात उभं राहून मानपत्र वाचलं. ‘आपल्या धीरगंभीर व्यक्तिमत्त्वाने’ या शब्दांवर गिरणीवाला खाली बसला तो उठेचना. टाळ्या मात्र अशा पडल्या की लातूरला पडल्या नसतील.

साडेचार वाजले, पण पहिलं पाऊल पोरीचंच पडावं म्हणून शंकरप्पा जागचे हलले नाहीत. पाचला मंजुषाची गाडी आली. ती जिना चढून वर आली आणि दारातच थबकली. समोर लखलखीत जमीन, पलीकडच्या कोपऱ्यात शाल पांघरलेला, मिशांना पॉलिश लागलेला, तोंडात खोबरं असलेला बाप.

“थांब!” शंकरप्पा ओरडले. “आधी बोट लावून बघ.”

तिनं उंबऱ्याजवळ वाकून बोट लावलं. उलट्या हातानं चाचपलं. मग चपला काढल्या आणि एक पाऊल टाकलं, उचलून तळवा बघितला. कोरडा. दुसरं टाकलं. अठरा फूट ती खाली बघत, एकेक फळी तळपायानं चाचपत आली. ना खिळा, ना पोपडा. शंकरप्पा कोपऱ्यातून तिच्या पायाखालच्या फळ्या मोजत होते.

“कुणी केलं हे?” तिनं विचारलं.

“संगप्पानं केलं. मी...” शंकरप्पा अडखळले. खोबरं गिळलं. “मी घासलं. मंजू, माझं त्या वेळी चुकलं. लई चुकलं.”

मंजुषाचे डोळे भरले. तिनं हात पुढं केला, शंकरप्पा तो धरून उठले आणि उठल्याबरोबर त्यांचा चेहरा पडला. ते बसले होते तेवढी जागा तशीच राहिली होती. सगळी जमीन चकचकीत आणि कोपऱ्यात एक मळकट चौकोन, त्यांच्या बुडाएवढा.

“आता हे गं?” ते घाबरेघुबरे झाले. “आत्ता हात दिला तर आठ तासांत वाळतंय. पर वास राहील. पोरी सातला येणार...”

मंजुषा त्या चौकोनाकडं बघत राहिली. मग तिनं फोन काढला. शंकरप्पांनी घाईनं ब्रश उचलला.

“हॅलो, मी मंजुषा. तुमचा लातूरचा हॉल नको मला,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. “त्याला हात लावू नका, अप्पा. पोरी त्याच्यावर नाचणार न्हाईत. उद्या सातला तुमी तिथं येऊन बसायचं. पूर्ण तासभर.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं?”

“बसायचं तर कळतंय की.”

शंकरप्पांनी शाल सावरली, धोतर खोचलं आणि उठले होते ते पुन्हा त्याच जागेवर मांडी घालून बसले.

“उद्या कशाला?” ते म्हणाले. “आत्ताच दाव. मी बसलोच हाय.”

मंजुषानं ओढणी कमरेला बांधली.