वारेच्या गोळ्या

तळहातावरची ती कॅप्सूल इतकी हलकी होती की नजर दुसरीकडे वळली तर ती हातात आहे हेच विसरायला व्हावं. पारदर्शक, दोन अर्धुकं एकमेकांत सरकवलेली, आत नुसती हवा... नमुना म्हणून मिळालेली. बाळंतपण झालं की वार बर्फाच्या डब्यात घालून न्यायची, वाफवायची, वाळवायची, दळायची, आणि अशा कॅप्सुलांमध्ये भरून बाळंतिणीला आणून द्यायची, हा त्या बाईंचा उद्योग. घरात सगळे त्यांना कॅप्सूलवाल्या बाई म्हणत. रोज घेतल्या की मन खचत नाही, असं त्यांचं म्हणणं. तिचे दिवस भरत आले होते, आणि आज हो-नाही कळवायचं होतं. तिने दोन बोटांत धरून हलकेच दाबलं. कॅप्सूल चेपली ती चेपलेलीच राहिली.

“आपलंच सामान, आपल्यालाच परत,” नवरा दाढी करता करता आरशातून म्हणाला. “घे की. झाला तर फायदाच.”

तो हसवायला बघतोय हे तिला कळलं, आणि ती हसलीही. पहिल्या खेपेला, बबडीच्या वेळी, हेसुद्धा जमत नव्हतं... तेव्हा सगळे म्हणायचे, दमलीये, झोप काढू दे तिला. आणि झोपून उठलं की पाळण्यात एक लालसर तोंड रडत असायचं, आणि तिला वाटायचं, कुणाचं तरी मूल रडतंय, त्याच्या आईने घ्यावं आता त्याला. वाईट वाटायचं नाही. वाईट वाटलं असतं तर रडता तरी आलं असतं. शेवटी सासूबाईंनी पोर उचललं, आपल्या खोलीत नेलं, बाटलीवर वाढवलं; औषधं लागू पडून ती माणसांत आली तोवर बबडी पावलं टाकायला लागली होती – आणि ती पावलं आजीकडे गेली. अजूनही तिकडेच जातात. कुठे लागलं, कुणी ओरडलं, की बबडी आईला वळसा घालून आजीच्या पदरात. आणि प्रत्येक वेळी तिच्या काळजात बारीकशी सुई टोचते.

म्हणून तर ही कॅप्सूल. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. “याने फायदा होतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही,” त्या मागच्या भेटीत म्हणाल्या होत्या, “आणि नीट शिजली नाही तर जंतू तुमच्या पोटात, तुमच्याकडून बाळाला. मागच्या वेळी त्रास झालाय, तर या वेळी आपण आधीपासूनच लक्ष ठेवू. औषधं आहेत, बोलायला माणूस आहे. काहीही वाटलं तर लगेच सांगा.” तिने मान हलवली होती. तिला सगळं पटलं होतं... पण पटून काय करायचं? लक्ष ठेवणं म्हणजे ते येईपर्यंत वाट बघणं. तिला काहीतरी आधी करून ठेवायचं होतं, म्हणजे उद्या ते आलंच, तर हातावर हात ठेवून बसलीस असं कुणी म्हणणार नाही – निदान ती स्वतः तरी.

चष्म्याच्या दुकानात तिची जागा मागच्या बाजूला, काचा घासण्याच्या यंत्रापाशी. पोटामुळे आता तिरकं बसावं लागे. बाहेर मालक कुणाचे तरी डोळे तपासत होते. “आत्ताचं बरं, की आधीचं?” आणि एक म्हातारा खजील होऊन म्हणत होता, “फरकच कळेना हो. पुन्हा दाखवता?” तिने घासलेली काच पुसून फ्रेममध्ये बसवली, स्क्रू पिळला, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“ताई, मग धरू ना तुमचं?” कॅप्सूलवाल्या बाईंचा आवाज गोड होता.

“ज्यांनी घेतल्या,” तिने विचारलं, “त्यांतल्या कुणालाच त्रास झाला नाही?”

“खरं सांगायचं तर एकीला झाला. पण तिने मधेच सोडल्या होत्या.” मग बाईंनीच जोडलं, “आणि आणखी एक होती. तिच्या घरचंच वातावरण ठीक नव्हतं.”

कारण असणारच. माझ्याही बाबतीत काहीतरी निघेल... घर, स्वभाव, घ्यायला झालेला उशीर. बाई खोटं बोलत नव्हत्या. त्यांचा विश्वास होता, आणि तो विश्वास तिला क्षणभर हवाहवासा वाटला, दुसऱ्याच्या अंगावरच्या उबदार शालीसारखा.

“आणि आधीच झालं असेल तर?” ती म्हणाली.

“आधी म्हणजे?”

“म्हणजे... बाळंत व्हायच्या आधीच.”

“असं कुठे असतं का ताई,” बाई हसल्या. “तुम्ही फार विचार करता.”

संध्याकाळी कळवते म्हणून तिने फोन ठेवला. असं का विचारलं आपण? डोक्यात आलं नव्हतं, तोंडातून आलं होतं. तिने पुढची काच उचलली.

घरी आली तेव्हा पाय भरून आले होते. कपाटापाशी, बुटक्या स्टुलावर ती टेकली. बबडी तिथेच, बाहुलीचे कपडे कपाटात कोंबत होती. दार आपटलं, बोट चेमटलं – आणि बबडीचा चेहरा आधी निःशब्द वेडावाकडा झाला, मग टाहो फुटला. स्टुलावरूनच तिने हात पुढे केले. बबडी त्या हातांना घासून, गुडघ्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात पळाली. “आजी...”

ती सुईची वाट बघत राहिली.

आली नाही. आतून सासूबाईंच्या फुंकरीचा आवाज आला, नळाचं पाणी, हुंदके. आणि तिच्या आत सगळं सपाट. इतकी वर्षं ती टोच तिची होती, आपण आई आहोत हे तिला त्यावरूनच तर कळायचं... शेवटची कधी आली होती? परवा बबडी पडली तेव्हा? त्याच्या आधी? आठवेना. पोटातलं बाळ फिरलं, आणि शेजारच्या घराचं दार कुणीतरी ठोठावतंय तसं तिने ते ऐकलं.

म्हणजे बबडीच्या वेळचं ते दुखणं बाळंतपणासाठी थांबलेलं नव्हतं. ती त्याला अडवायचे उपाय तोलत बसली होती, आणि ते केव्हाच येऊन घरात वावरत होतं.

“मग, काय ठरलं?” नवरा दारातून आत येत म्हणाला.

“कशाचं?”

“अगं, त्या बाईंचं. कळवायचं होतंस ना?”

“कळवते.”

तो कपडे बदलायला आत गेला. त्याला हाक मारायला हवी, आत्ता, हे तिला लख्ख दिसत होतं. वाक्यही तयार होतं, चार शब्दांचं: मला पुन्हा तसंच होतंय. पण ते उचलायला लागणारं बळ दुसऱ्याच कुणाकडे होतं. निदान घाबरायला तरी हवं, असं तिला वाटलं; आणि हात मांडीवर ठेवून ती भीती येण्याची वाट बघत बसली.