माझा अंदाज बरोबर निघाला

“अहो, तुम्हाला काय वाटतं, खुनी कोण असेल?”

हिने हे विचारलं तेव्हा मी एका निळ्या शर्टाला काजं करत होतो. मला वाटलं, चेष्टा चाललीय. कारण आमच्या घरात हा प्रश्न विचारायचा तो मी. मी शिंपी माणूस, शाळेचे गणवेश शिवतो, ही लेखिका. साप्ताहिकात हिची रहस्यकथा क्रमशः सुरू झाली की मी दर आठवड्याला विचारायचं, “कोण गं खुनी?” आणि हिने चष्म्यावरून बघत म्हणायचं, “अंक विकत घ्या आणि वाचा.” लग्न झाल्यापासून हेच. मी लाडीगोडी लावून पाहिली, रुसून पाहिलं, एकदा तर चार दिवस अबोला धरला. पण पठ्ठीने ताकास तूर लागू दिली नाही.

“मला काय विचारतेस? लिहितेयस तू.”

“तरी पण. वाचक म्हणून विचारतेय. सांगा ना.”

त्या ‘सांगा ना’मध्ये एक अजीजी होती. ती मला ओळखीची नव्हती.

गोष्ट अशी होती : एका लाकडाच्या वखारीचा मालक आपल्याच वखारीत मरून पडलाय. संशय चौघांवर. पुतण्या, दुसरी बायको, घरी येणारी नर्स आणि म्हातारा मुनीम. शेवटचं प्रकरण तेवढं लिहायचं राहिलं होतं.

“मुनीम,” मी म्हणालो.

“का?”

“पहिल्याच प्रकरणात तू लिहिलंयस, त्याच्या कोटाच्या बाह्या बोटांपर्यंत येतात. स्वतःच्या मापाचा कोट असा नसतो. दुसऱ्याचा कोट घालून हिंडतो म्हणजे काहीतरी लपवतोच की तो.”

आता माझे अंदाज हे असेच. कुणाचं काज उसवलंय, कुणाच्या पँटीची शिवण सरळ नाही, यावरून मी माणसं फासावर चढवायचो आणि दर वेळी तोंडावर आपटायचो. ही तर पोट धरधरून हसायची. “अहो, खून बघा, कपडे काय बघताय,” म्हणायची. त्या दिवशी हसली नाही. “बाह्या,” असं सावकाश म्हणाली आणि आत निघून गेली.

हिच्या लिहिण्याची थोडी रीत सांगायला हवी. ही एकच एक काही लिहीत नाही. रहस्यकथा, भयकथा, प्रेमकथा, मुलांच्या गोष्टी, शिवाय दोन जाडजूड सामाजिक कादंबऱ्या. मोठी मोठी माणसं यावरून नाकं मुरडतात. हिला विचारलं तर म्हणते, “हे शर्टही शिवतात आणि चड्ड्याही शिवतात. यांना कुणी विचारतं का, तुम्ही नेमके कोण म्हणून?” घरात मात्र प्रत्येक प्रकाराची जागा ठरलेली. खून स्वयंपाकघरातल्या टेबलावर. प्रेम खिडकीत. मुलांच्या गोष्टी जमिनीवर, पाय पसरून. आणि भुतंखेतं न्हाणीघरासमोरच्या बोळात, खुर्ची टाकून, भर दुपारी. ही कुठे बसलीय ते बघितलं की आज घरात लग्न आहे की मयत ते मला कळायचं, आणि त्या बेताने मी चहा मागायचो. टिपणं वगैरे कधी काढली नाहीत. सगळा कारभार डोक्यात.

गेले काही महिने मात्र ही टेबलापाशी बसायची, उठायची, खिडकीत जायची, परत यायची. एकदा बोळात खुर्ची टाकून नुसतीच बसलेली दिसली.

“इथे काय करतेस? सध्या खून आहे ना?”

“हो की,” म्हणाली, आणि उठली. आम्ही दोघंही हसलो. मूर्खासारखा हसलो मी.

शेवटच्या प्रकरणाचा अंक आला तेव्हा मी तो नाक्यावरच उभ्याउभ्या वाचला. खुनी मुनीम. आणि पोलिसाने तो ओळखला कशावरून, तर कोटाच्या बाह्यांवरून. ‘स्वतःच्या मापाचा कोट असा नसतो.’ माझं वाक्य, जसंच्या तसं.

इतक्या वर्षांत माझा एकही अंदाज बरोबर आला नव्हता. हा आला. घरी जायचं सोडून मी तिथल्याच पायरीवर बसलो. नाक्यावरचा न्हावी दुकानातून ओरडला, “काय मास्टर, वहिनींनी सॉलिड फसवलं हां. बाह्यांचं काय डोकं लढवलंय. आपल्याला तर पुतण्याच वाटत होता.”

“मलापण,” मी म्हणालो.

घरी फोनवर फोन येत होते. संपादकबाई खूष, वाचक खूष. ही प्रत्येकाला “थँक्यू हं” म्हणत होती आणि मधूनच माझ्याकडे बघत होती. मी नजर चुकवून मशीनला तेल घालत बसलो. तेल सकाळीच घातलेलं होतं.

मग मी घरात पाळत ठेवायला लागलो. दुसरं काय म्हणणार त्याला? ही गॅस बंद करून आली की मी पाणी प्यायच्या निमित्ताने जाऊन बघायचो. ही भाजीला म्हणून खाली गेली की खिडकीतून डोकावायचो, वळणाशी उजवीकडे वळते की नाही. एकदा इस्त्रीला “ते तापणारं” म्हणाली. एकदा आमच्या लेकीला फोनवर आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तसं कुणाचंही होतं, मी स्वतःला सांगायचो. माझाच चष्मा मी कपाळावर ठेवून शोधतो. पण चष्मा शोधताना माझी पाचावर धारण बसत नाही, आणि हिचा चेहरा त्या वेळी अगदी पांढराफटक पडायचा. मला फार भीती वाटत होती. खुन्याला विसरली, मग पुढे कुणाचा नंबर, हा विचार मनात आला की मी मशीन जोरात चालवायचो.

हिच्या भयकथा वाचून मी कित्येकदा रात्री बाल्कनीतले कपडे तसेच राहू दिलेत. ही हसायची, “लिहिणारी मी, आणि घाबरता तुम्ही.” आता घरात एकही भूत नव्हतं, आणि मी माझ्याच बायकोच्या पावलांचा आवाज कान देऊन ऐकत होतो.

शेवटी एका सकाळी चहा पिताना मीच विषय काढला. आणखी थांबलो असतो तर माझंच डोकं फिरलं असतं.

“खरा खुनी कोण होता गं?”

हिने कप खाली ठेवला. “छापलाय ना? मुनीम.”

“तो माझा मुनीम. तुझा कोण होता?”

मला वाटलं आता चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

“मला माहीत नाही,” म्हणाली. “पहिल्या दिवसापासून माहीत होतं मला. त्या दिवशी शेवटचं प्रकरण लिहायला बसले आणि बघते तर काहीच नाही. रिकामं. म्हटलं, सुरुवातीपासून वाचू. दोनदा वाचली. वखार मी बांधली, मयत मी पाडलं, चौघांना मी आणून उभं केलं, आणि कुणी मारलं ते मलाच कळेना. परक्याच्या घरात घुसल्यासारखं वाटत होतं हो.”

“मला सांगायचं नाही का?”

“तुम्हालाच तर विचारलं.”

चहावर साय धरली.

“दार वाजतं, दिवे जातात, असलं मी इतकं लिहिलं,” ही म्हणाली. “सगळं खोटं निघालं. भीती इथे येऊन बसते, चांगल्या उजेडात, हातात कप असताना. मला भीती वाटते. फार वाटते.”

“मलाही,” मी म्हणालो. नवऱ्याने असं म्हणायचं नसतं बहुतेक, धीर द्यायचा असतो. पण तोंडातून गेलं खरं. आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हिने माझा हात धरला.

लेकीला कळवलं. ती फोनवर आधी माझ्यावर डाफरली, “बाबा, इतके दिवस गप्प बसलात?” आणि मग रडली. तिनेच डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आमच्या लेकीपेक्षाही लहान. खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर मेंदूचं चित्र. हिने आपली ठेवणीतली साडी नेसली होती, समारंभाला जाताना नेसते ती. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलो. मधे बोलायचं नाही, अशी मला ताकीद होती.

“मी एक छोटी गोष्ट सांगते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “नीट ऐका. थोड्या वेळाने मी ती तुम्हाला परत विचारणार आहे.” आणि कागदावर बघून त्यांनी वाचली. एक बाई कुत्र्याला घेऊन फिरायला जाते. कुत्रा साखळी तोडून पळतो. बेकरीवाला पाव दाखवून त्याला पकडतो. बाई बेकरीवाल्याचे आभार मानते आणि त्याच्याकडून बिस्किटं विकत घेते. बस. एवढीच.

मग घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले. हिने घड्याळ छान काढलं, काटे मात्र दोन्ही एकाच बाजूला आले. मी मनातल्या मनात पाव, बिस्किटं, साखळी असं घोकत होतो, जसं काही माझी परीक्षा आहे आणि मी हिला कॉपी पुरवणार आहे.

“आता ती गोष्ट सांगा बघू.”

ही ताठ बसली. पर्स मांडीवर सरळ केली. एकदा खिडकीकडे बघितलं, आणि सुरू झाली.

“एका बाईचा कुत्रा हरवला. तिने सगळीकडे शोधला, हाका मारून घसा बसला तिचा. मग ती थकली. दिवसांमागून दिवस गेले आणि हळूहळू ती हाका मारायची विसरली. मग आपल्याकडे कुत्रा होता हेही विसरली. आणि एके दिवशी तो परत आला. अंगभर चिखल, एक पाय लंगडा. दारात येऊन उभा राहिला. बाईने दार उघडलं आणि म्हणाली, कुणाचा रे तू? जा, जा घरी. तिने दार लावून घेतलं. पण कुत्रा काही गेला नाही. तो पायरीवर बसला. त्याला पक्कं ठाऊक होतं, घर हेच आहे. रोज ती दार उघडायची, रोज विचारायची, कुणाचा रे तू? आणि रोज तो शेपूट हलवायचा, जणू पहिल्यांदाच विचारतेय.”

एवढं बोलून ही थांबली. मी खाली मान घालून माझ्या बुटांकडे बघत होतो. डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन तसंच कागदावर टेकलेलं होतं.

“फार सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “पण मॅडम, ही मी सांगितलेली गोष्ट नाही.”

“ठाऊक आहे मला,” ही म्हणाली. “तुमची आठवेना. म्हणून दुसरी केली.”

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि समोरच्या कागदावरच्या चौकोनात काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मला बसल्या जागेवरून दिसलं नाही.