जयंतीच्या गाडीचा निळा

“दाजी, आता उघडा डोळे,” कडुबा म्हणाला आणि राजकुमारने डोळे उघडले.

समोर पत्र्याच्या टेबलावर त्याची गिटार होती. निदान आकार तरी तिचाच होता. कालपर्यंत ती तपकिरी होती, रंगाला बारीक तडे गेलेली, मनगट टेकतं तिथे तर रंग पार उडालेली. आता ती निळीशार झाली होती आणि तिच्यात छताचा पंखा फिरताना दिसत होता.

“जयंतीच्या मिरवणुकीतल्या गाडीचा निळा हाय,” कडुबा म्हणाला. “उरलेला जपून ठेवला व्हता, दुसऱ्या कशाला वापरला नसता. पुण्याच्या बाई येणार अन् त्यांच्या हातात असली डागाळलेली वस्तू द्यायची? आपल्या दारातून डागासकट काय गेलं नाय आजपस्तोर.”

हे अगदी खरं होतं. क्रांती चौकाच्या मागच्या त्याच्या गॅरेजात कुणी चेपलेला बंपर घेऊन आला, की कडुबा न विचारता दारावरचा ओरखडाही मिटवून द्यायचा, वर त्याचे पैसे घ्यायचा नाही. राजकुमारची बायको करुणा ही त्याची धाकटी बहीण. राजकुमार गिटार वाजवायचा त्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आला, त्याच्या एका बटणातून गिटारही निघायला लागली आणि राजकुमारला बोलावणी येईनाशी झाली, तेव्हा कडुबाने दोघांना गॅरेजवरच्या खोलीत आणून ठेवलं. तेव्हापासून राजकुमार रंगाला आलेल्या गाड्यांच्या काचांवर कागद चिकटवत आला होता. काम त्याला मनापासून नकोसं होतं. पण मेहुण्याने कधी वावगा शब्द काढला नाही, जेवताना पहिलं ताट दाजींचं. माणूस वाईट असता तर राजकुमार केव्हाच भांडून बाहेर पडला असता. इथे भांडायचं तरी कुणाशी?

सुटकेची एकच वाट होती, ती या गिटारीतून जात होती. मांडीवर आडवी ठेवून तारांवर लोखंडी कांडी सरकवत वाजवायची ही विजेवरची हवाइयन गिटार त्याला ऑर्केस्ट्रातल्या फारूख मास्तरांनी जाताना दिली होती. अमेरिकेत बनलेली, मास्तरांच्याही तरुणपणाच्या आधीची. पुण्याची तनुजा अशी वाद्यं जमवायची आणि वाजवायचीही. फोटो बघून तिने जी किंमत सांगितली, तेवढ्यात गुलमंडीमागे वाद्यदुरुस्तीचा गाळा निघत होता, वर राहायला खोली. करुणा ती खोली बघून आली होती आणि गॅसची शेगडी कुठे ठेवायची तेही ठरवून बसली होती. कडुबाला त्यांनी फक्त गिटार विकतोय एवढंच सांगितलं होतं. घर सोडायचं मागाहून सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं.

तनुजाने फोनवर एक गोष्ट बजावली होती: गिटार फडक्याने पुसूसुद्धा नका. ती कडुबाला सांगायचं काही राजकुमारला सुचलं नव्हतं.

“लई झ्याक झालंय,” तो म्हणाला. कडुबाचे डोळे रात्रभर रंगाच्या फवाऱ्यात राहून तांबारले होते. त्या डोळ्यांकडे बघून दुसरं काय बोलणार? कडुबा खुशीत पाहुणीसाठी गरम भजी आणायला गेला.

तनुजा आली, तिने गिटार बघितली आणि उलटी केली. मागे ठोकलेला कारखान्याचा नंबर रंगाआधी भरलेल्या लांबीच्या लेपाखाली बुजला होता, वरून हात फिरवला तर कळतही नव्हतं.

“काका, हे कुणी केलं?”

“मीच,” राजकुमार म्हणाला.

तिने वाजवून दाखवायला सांगितलं. टेबलावरच ठेवून त्याने एक ओळ वाजवली. कडुबाने तारांखालचं, आवाज टिपणारं पिकअप कागद लावून जपलं होतं, त्यामुळे आवाजाला कुठे धक्का नव्हता. एका सुरातून दुसऱ्यात जाताना मधली सगळी वाट ऐकू येत होती. तिचा तो किंचित घोगरा हुंकार बाकी कुठल्या गिटारीत त्याने कधी ऐकला नव्हता, आणि आज तो ऐकताना त्याला रडू यायचंच बाकी राहिलं.

आवाज तोच आहे, तनुजा म्हणाली, पण मूळ रंग गेला, नंबर गेला, आता ही जुनी आहे असं नुसत्या आवाजावरून कोण मानणार? वाजवण्यापुरती घेईन, पण किंमत निम्म्याच्याही खाली येईल. तेवढ्यात गाळा येत नव्हता, आणि गाळा येणार नसेल तर गिटार तरी का द्यायची? राजकुमारने हात जोडले. जाताना तीच माफी मागून गेली.

भज्यांचा पुडा घेऊन कडुबा परतला. तोवर करुणा जिन्यात येऊन उभी राहिली होती.

“गेल्या? रंग नाय आवडला व्हय त्यांना?”

राजकुमारने एकदा करुणाकडे पाहिलं.

“रंग लई आवडला. मीच नाय म्हणलो. द्यावं वाटंना.”

कडुबा रंगाच्या पालथ्या डब्यावर बसला. हातातला पुडा त्याने तसाच धरून ठेवला होता.

“बरं केलं दाजी. मला आपलं वाटायचं, गिटार गेली की तुमीबी करुणाला घिऊन जाताल कुठंतरी. घर खायला उठलं असतं मला. आता हितंच ऱ्हावा, शेवटापस्तोर.”

करुणा वळली आणि सावकाश वर निघून गेली. वरच्या दाराची कडी वाजली.

वाजवा, म्हणून कडुबाने हट्ट धरला, गॅरेजातल्या माणसांनाही हाक मारली. राजकुमारने गिटार मांडीवर घेतली. भजी संपली, गाणी संपली, माणसं हात पुसत कामाला लागली. मग तो उठायला गेला तर गिटार उचलेना. खालचा रंग मांडीच्या उबेने मऊ पडून पँटला धरून बसला होता.

“अजून कच्चा हाय,” कडुबा धावत आला. “वढू नका दाजी, रंग निघंल. बसा तसंच.”

राजकुमार तसाच बसून राहिला.