बोल्टवरची रेघ

दुपारी चहाला बसलो, चष्मा शोधायला डगल्याच्या खिशात हात घातला आणि हाताला बोल्ट लागला. नवाकोरा, पुडीतला. पुडी फोडलेलीसुद्धा नव्हती.

हा बोल्ट माझ्या खिशात असण्याचं काही कारणच नव्हतं. तो या वेळी शाळेतल्या बाईंच्या गाडीत, इंजिनाच्या पोटात असायला हवा होता. आणि बाई तासाभरापूर्वीच गाडी घेऊन गेल्या होत्या, मागच्या सीटवर वडिलांना बसवून. घाट ओलांडून बहिणीकडे जायचं म्हणत होत्या.

बाईंची गाडी म्हणजे लहानशी पेट्रोल गाडी. तीन सिलिंडर, बारा व्हॉल्व्ह. सकाळी मी तिचा टायमिंग बेल्ट बदलला. हा पट्टा काय करतो, तर खाली पिस्टनची वर-खाली आणि वर व्हॉल्व्हची उघडझाप यांची गाठ घालून देतो. त्या इंजिनात दोघांना जागा एकच, एकाने सोडली की दुसऱ्याने यायचं. चुकामूक झाली की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनाची क्षणात माती होते. आता यातली खरी मेख. खाली क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या टोकावर पट्ट्याचं जे चाक असतं, ते या इंजिनात कशातही अडकवलेलं नाही. त्याला नुसत्या एका बोल्टचा ताण धरून ठेवतो. तो बोल्ट आवळताना ताणला जातो, म्हणून एकदाच वापरायचा. बेल्ट बदलला की बोल्ट नवा. याला अपवाद नाही. जुना पुन्हा लावलात, तर तो दहा हजार किलोमीटर धरेल किंवा दहा. चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन जोर काढत असताना सटकेल. गाडी जागच्या जागी बंद, स्टिअरिंग दगडासारखं जड, दोनदा दाबला की ब्रेकही जड, आणि मागून ट्रक.

मी सकाळ आठवायला लागलो. माझी एक पद्धत आहे, चाळीस वर्षांची. बोल्ट टॉर्कच्या पान्याने मोजून आवळला की त्याच्या डोक्यावरून पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढायची. रेघ नाही तोवर बोल्ट आवळलेला नाही, असा माझ्या गॅरेजचा कायदा. त्या बोल्टवर मी रेघ ओढली होती का? पट्टा आठवला. तो ताणून धरणारा टेन्शनर आठवला. पुढे नुसतं कोरं.

बाईंना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. त्या गाडी चालवताना फोन घेत नाहीत, पर्समध्ये टाकून पर्स मागे ठेवतात. एरवी मी या सवयीचं चारचौघांत कौतुक करतो. आज त्याच सवयीचा राग आला.

"बाबा, काय झालं?" ठमीने विचारलं. ठमी म्हणजे माझी पोरगी. नाव कागदोपत्री वेगळं आहे, पण गॅरेजमध्ये सगळे ठमीच म्हणतात. सहा वर्षं माझ्या हाताखाली काम करते आणि हात चांगला आहे, पण हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

"काही नाही. जरा सामान आणायला जाऊन येतो."

"मी जाते की."

"मी मेलोय का अजून?" मी खेकसलो.

ती फडक्याला हात पुसत पुढे आली. "बाबा, एक मिनिट थांबा. मला तुमच्याशी..."

थांबतोय कसला! व्हॅनची किल्ली घेतली आणि निघालो. पहिल्या चौकात कळलं, फोन टेबलावरच राहिला. म्हणजे आता मी बाईंना फोन करू शकत नव्हतो आणि मला कोणी करू शकत नव्हतं.

खरं सांगतो, मला बोल्टपेक्षा मोठी भीती दुसरीच होती. गेल्या दोन महिन्यांत हे तिसऱ्यांदा होत होतं. एका टॅक्सीवाल्याच्या ऑइलच्या चेंबरचा नट मी हातानेच फिरवून सोडला होता, नशिबाने गाडी दारातून हलायच्या आत लक्षात आलं. नंतर एकदा बॅटरीवर फडकं विसरलो, इंजिन गरम झाल्यावर त्याचा वास सुटला. दोन्ही वेळा आजूबाजूला पाहिलं, कोणी बघत नव्हतं, गुपचूप निस्तरलं. बायकोला बोललो नाही. ठमीला तर नाहीच. हे गॅरेज माझ्या हातांवर चालतं. हात गेले तर माझं राहिलं काय?

व्हॅन दामटत स्वतःची परीक्षा घ्यायला लागलो. बोला मिस्त्री, बाईंचं इंजिन किती सीसीचं? नऊशे अठ्ठ्याण्णव. बोअर? एकाहत्तर मिलिमीटर. स्ट्रोक? चौऱ्याऐंशी. ताकद? सदुसष्ट हॉर्सपॉवर, सहा हजार आरपीएमला. ऑइल किती बसतं? तीन लिटर शंभर मिली, फिल्टर धरून. प्लगची फट? पॉइंट नऊ. या इंजिनाची दुखणी सांगा. थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं, चार-पाच वर्षांत चिरतं आणि पाणी गळतं. इग्निशनची कॉइल जाते, बहुधा मधली, मग इंजिन दोन सिलिंडरवर गदगदा हलत चालतं. लाख किलोमीटरच्या पुढे ऑइल पितं. सगळं पाठ! एकही आकडा चुकला नाही. मला जरा हुशारी वाटली.

आणि आज सकाळी बोल्ट कुठला लावला?

वर्षांपूर्वी पाठ केलेले आकडे मी धडाधडा सांगत होतो आणि पाच तासांपूर्वीचं माझं स्वतःचं काम मला माहीत नव्हतं. रस्त्याच्या कडेला बाईंच्यासारखी कुठलीही पांढरी गाडी उभी दिसली की मान वळायची. दोन गाड्यांजवळ वेग कमी केला. दोन्ही परक्या. समोरून एक अॅम्ब्युलन्स गेली, तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने "नको, नको" असं निघालं.

घाट सुरू व्हायच्या अलीकडे एक पेट्रोल पंप आहे. तिथे गाडी उभी होती. बाई दार उघडून वडिलांना हात देत होत्या. म्हाताऱ्याला दर अर्ध्या तासाने उतरावं लागतं, म्हणून त्या थांबल्या होत्या. त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

"मिस्त्री? तुम्ही इथे?" बाई घाबरल्या. "इंजिनात काही राहिलं का?"

"एकदा बघायचं राहिलं. दोन मिनिटं."

पुढचं चाक पूर्ण वळवलं, गुडघ्यांवर बसलो, आतल्या प्लॅस्टिकच्या आवरणाचं बूच काढलं आणि टॉर्च मारला. उजेड बोल्टवर ठरेना. दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तेव्हा कुठे दिसलं.

बोल्ट नवा होता. डोकं काळंभोर चकचकीत, गंजाचा ठिपका नाही. त्यावर रेघही होती.

पण ती माझी नव्हती. लाल होती, बारीक, ब्रशची.

ठमीच्या हत्यारांच्या कप्प्यात नखांना लावायच्या लाल रंगाची बाटली असते. हिवाळ्यात दिसली, तेव्हा मी तिला चिडवलं होतं, "ग्रीसच्या हातांना नेलपॉलिश? कोणी बघायला येणार आहे वाटतं!" ती हसली होती. तिच्या नखांवर तो रंग मी एकदाही पाहिला नव्हता.

"ठीक आहे ना सगळं?" बाईंनी विचारलं.

"एकदम. निर्धास्त जा."

"तुम्ही एवढ्यासाठी इतक्या लांब आलात! असं काम आता कोण करतं हो?"

मी मान हलवली. त्यांच्याच गाडीला धरून उठलो.

परत आलो तर ठमी दारातच उभी होती. डोळे लाल. हातात माझा फोन.

"तुम्हाला थांबा म्हटलं होतं ना मी!" ती ओरडली. "व्हॅन अशा मनःस्थितीत चालवायची? काही झालं असतं म्हणजे?"

"बोल्ट तू बदललास."

"हो. तुम्ही जेवून आडवे झालात तेव्हा, कपाटातला दुसरा नवा घालून. इंजिन हलू नये म्हणून टायमिंगच्या पिना लावून सगळं पुन्हा जुळवलं."

"तुला कळलं कसं? रेघ नव्हती म्हणून?"

टेबलाच्या खणातून एक बोल्ट काढून तिने माझ्या तळहातावर ठेवला. जुना, कडांना झिजलेला. त्याच्या डोक्यावर पांढरी रेघ होती. सरळ, स्वच्छ, माझ्या हातची.

म्हणजे मी जुना बोल्ट लावला, आवळला, त्यावर रेघ ओढली आणि समाधानाने जेवायला गेलो.

"कधीपासून बघतेस माझ्या मागून?"

"दिवाळखोरासारखं तोंड करू नका, बाबा. बसा आधी."

"कधीपासून?"

तिने कपाटावरून शाळेची असते तसली एक वही काढली. आत तारीख, गाडी, काय राहिलं होतं, सगळं व्यवस्थित लिहिलेलं. तिचं अक्षर पहिल्यापासून सुरेख. मी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. त्यातल्या मला दोनच चुका माहीत होत्या. वहीत एकोणीस होत्या.

रागावायचं ठरवलं होतं, पण राग येईना. "मला फार भीती वाटते गं," मी म्हणालो. असं मी आयुष्यात कोणाला म्हटलेलं नव्हतं.

"मला पण," ती म्हणाली आणि स्टूल ओढून शेजारी बसली. "डॉक्टरांची वेळ मी मागच्या महिन्यातच घेऊन ठेवलीय, पुढच्या सोमवारची. तुम्हाला सांगायचा धीर होत नव्हता."

आजची ओळ तिने अजून लिहिली नव्हती. मी तिच्याकडून पेन मागून घेतलं. तारीख घातली, शाळेतल्या बाईंची गाडी असं लिहिलं आणि पुढे लिहिलं: क्रँकचा बोल्ट जुनाच लावला, वर रेघ मारली.

मग वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "सोमवारपर्यंत कशाला थांबायचं? उद्याची मिळते का बघ."