टेलरबाईंचा डोळा

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं त्याच्या पाचव्या दिवशी सकाळी टेलरबाई डोळा धरूनच उठल्या. ठणका पार कपाळापर्यंत जात होता. खिडकी उघडली, तर समोर नुसतं पांढरं धुकं. दुसऱ्या डोळ्यानं लहानपणापासून जेमतेम उजेड-अंधारच कळायचा. हा गेला की सगळंच गेलं.

"थोडी आग व्हायचीच," नवरा म्हणाला.

धाकट्या जावेनं पापणी हलकेच उचलली आणि तिचा चेहराच उतरला. "जाऊबाई, चपला घाला. आत्ताच्या आत्ता निघायचं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "डोळ्याच्या आत जंतू शिरलेत, पू साठतोय. थेंबांचं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. आतच टोचावं लागेल."

"डोळ्यात सुई?" बाईंनी डोळ्यावर हात धरला. "अहो, बोटात सुई घुसली तरी मी हूं की चूं करत नाही. पण डोळ्यात! उद्या केलं तर?"

"उद्यापर्यंत फार उशीर होईल."

डोळा बधिर केला, पापण्या चिमट्यानं ताणून धरल्या. जावेचा हात बाईंनी इतका आवळला की तिच्या बांगडीचा वळ उठला. आधी तपासणीसाठी आतलं थोडं पाणी काढलं, मग एकामागून एक दोन औषधं सोडली. दुखलं नाही, नुसता दाब आला. आणि एकदम सगळं काळं झालं.

"गेलं! दिसायचं गेलं!"

"हलू नका. दाब वाढलाय, उतरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एकदा सुई लावून थोडं पाणी काढलं.

तो मिनिटभर बाई श्वास घ्यायच्या विसरल्या. मग काळ्यात करडं मिसळलं आणि छतावरचा दिवा पुसटसा उमटला. जाऊ हुंदका देऊन रडली, बाईंना तेवढंही सुचलं नाही.

दोन दिवसांनी पू कमी झाला होता, पण पुरता गेला नव्हता. पुन्हा टोचायचं म्हटल्यावर बाई दाराकडे वळल्या. "मला धरून ठेव, मी पळून जाईन," त्या जावेला म्हणाल्या. पण टेबलावर चढल्या त्या स्वतःच.

महिन्याभरानं त्यांना माणसांचे चेहरे ओळखू येऊ लागले, पेपरातले मोठे मथळे वाचता येऊ लागले. बारीक शिलाई आता जाऊ करते, कापड बेतून देतात बाई. सकाळी मात्र डोळे उघडायला त्यांना अजून धीर गोळा करावा लागतो.